प्रभागातल्या उद्यानात उन्हाळी शिबिर : ४० मुलं, त्यांत ६ दिव्यांग. तयारी नेमकी कशी करावी?

आंब्याचा_पार

नमस्कार. आमच्या नागरिक मंडळातर्फे महापालिकेच्या उद्यानात मे महिन्यात १० दिवसांचं शिबिर आहे. वेळ सकाळी साडेसात ते दहा, वयोगट ७ ते १२, मुलं ४०. यंदा नोंदणी सगळ्यांना खुली ठेवली आणि सहा दिव्यांग मुलांची नावं आली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेला एक मुलगा व्हीलचेअरवर, दोन स्वमग्न मुलगे (त्यांतला एक बोलत नाही), कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र, त्याचा एक भाग डोक्याबाहेर असतो) असलेली एक मुलगी, अल्पदृष्टी असलेला एक मुलगा आणि डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी.

उद्यान असं आहे : मुख्य दाराशी गुरं आत येऊ नयेत म्हणून बसवलेलं फिरतं गेट, शेजारचं मोठं दार कायम कुलपात. वाट पेव्हर ब्लॉकची, मधे मधे खचलेली. मंच ४५ सेंटिमीटर उंच, तीन पायऱ्या. खेळणी वाळूत. स्वच्छतागृहात दिव्यांगांसाठी खोली आहे, पण तिच्यात झाडू, बादल्या आणि पाण्याचे पाइप. एका टोकाला कारंज्याचा हौद.

हाताशी ८ स्वयंसेवक आणि या कामासाठी वेगळे काढलेले ६०,००० रुपये. समितीत दोन सूचना आल्या आहेत. या मुलांच्या पालकांनी पूर्ण वेळ थांबावं अशी अट घालायची, आणि त्या पैशांतून व्हीलचेअरसकट चढवता येईल असा झोपाळा घ्यायचा. मला दोन्ही पटत नाहीत, पण त्याऐवजी काय करायचं हे बैठकीत मांडता आलं पाहिजे. शिबिराला पाच आठवडे आहेत. जाणकारांनी तपशिलात सांगावं.


उतार_मोजणारा

आधी झोपाळ्याचं. नका घेऊ. व्हीलचेअर चढवायचा झोपाळा म्हणजे लोखंडी फलाट. खुर्ची आणि मूल मिळून तो झुलतो तेव्हा त्याच्या आड आलेल्या लहानग्याला जबर मार बसतो. म्हणून त्याला वेगळं कुंपण लागतं, कुंपणाला कुलूप लागतं आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात जाते. शेवटी ते मूल कुंपणात एकटं झुलतं आणि बाकीची मुलं बाहेरून बघत राहतात. पुढे कधी खेळण्यांवर खर्च करायचा झाला तर मीटर-सव्वा मीटर व्यासाचा जाळीचा टोपली-झोका घ्या, त्यात दोन-तीन मुलं एकत्र आडवी होतात. किंवा जमिनीच्या पातळीत बसवलेलं चक्र घ्या, त्यावर खुर्ची थेट ढकलत नेता येते. या दोन्हींवर सगळीच मुलं तुटून पडतात आणि तेच तर हवं आहे.

६०,००० वाटेवर घाला. रिक्षा थांबते तिथपासून दार, दारापासून मैदान, मैदानापासून पाणी आणि स्वच्छतागृह. यात कुठेही एक पायरी उरली तर बाकीचा खर्च फुकट गेला म्हणून समजा. १२० सेंटिमीटरची सरळ फळी, एक लेव्हल आणि टेप घेऊन ही वाट एकदा चाला. चढावर फळीचं एक टोक टेकवा, फळी लेव्हलमध्ये आणा आणि दुसऱ्या टोकाखालची फट मोजा. १० सेंटिमीटर भरली तर चढ १:१२ आहे, म्हणजे चालवून घेण्याची शेवटची हद्द. ६ भरली तर १:२०, तो उत्तम. मोबाइलमधल्या लेव्हलवर हेच अनुक्रमे पावणेपाच आणि तीन अंशांच्या आसपास दिसतं. वाटेचा आडवा कलही बघा. ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते आणि ढकलणाऱ्याचं मनगट भरून येतं.

दार : मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर तरी हवी. फिरत्या गेटातून खुर्ची जाणं शक्यच नाही, म्हणजे मोठं दार उघडायलाच हवं. ते रोज सव्वासातला उघडायचं असं उद्यान विभागाकडून लेखी घ्या आणि सुरक्षारक्षकांच्या पाळीच्या वहीत नोंद करायला लावा. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरलं जातं आणि मूल दाराबाहेर उन्हात ताटकळतं.

खचलेले पेव्हर : वरून सिमेंटचा थर देऊ नका, महिन्याभरात उखडतो. ब्लॉक बहुधा कडेचा कर्ब सुटल्यामुळे खचतात. कर्ब हलला की खालची कच (दगडाचा बारीक चुरा) पावसात वाहून जाते. आधी कर्ब पक्का करा, मग ब्लॉक उचला, कच भरा, पाणी मारून धुमसा आणि तेच ब्लॉक परत बसवा. सांध्यांत बारीक वाळू झाडूने भरायला विसरू नका. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं सव्वा सेंटिमीटरच्या फटीतही अडकतात, खुर्ची जागीच थांबते आणि मूल पुढे फेकलं जातं. गटाराच्या जाळीची भोकं वाटेला समांतर असतील तर जाळी ९० अंशांत फिरवून बसवा. चौकोनी जाळीला हे पाच मिनिटांचं काम आहे. नाही फिरली तर वर चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा जाड लोखंडी पत्रा) बोल्टने आवळा. नुसतं प्लायवूड टाकलं तर उन्हात वाकतं आणि सरकतं.

पेव्हरपासून मैदानापर्यंत मातीचा तुकडा असेल तर दीड मीटर रुंद मुरमाची पट्टी करा. मुरूम आणि कच मिसळून ७५ मिलिमीटर, पाणी मारून रोलर फिरवा. मे महिन्यापुरती ती उत्तम टिकते. कडेला विटा नाही लावल्या तर पहिल्या वळवात वाहून जाईल.

मंचाचा नाद सोडा. ४५ सेंटिमीटरला १:१२ चा उतार म्हणजे ५.४ मीटर लांबी, वर दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडे. कार्यक्रमवाले सहा फुटी फळी टाकून मोकळे होतात, तो चढ १:४ होतो आणि खुर्ची मागे उलटते. त्यापेक्षा सगळं मंचासमोर जमिनीवर करा, बक्षीस समारंभसुद्धा. मंच कोणीच वापरायचा नाही.

स्वच्छतागृहावर मात्र खर्च करा. सामान हलवून भागत नाही, त्या झाडू-बादल्यांना दुसरी जागा द्यावी लागते. नाहीतर तिसऱ्या दिवशी त्या परत तिथेच येतात. बाहेर लोखंडी कपाट किंवा नुसती खुंट्यांची पट्टी पुरते. मग दार बघा. ते बाहेर उघडायला हवं आणि उघडल्यावर त्याच्यासमोर दीड मीटर सपाट जागा हवी. उतार चढून थेट दारापाशीच संपत असेल तर खुर्चीवरच्या माणसाला एका हाताने दार ओढत मागे घरंगळावं लागतं. ही चूक सर्रास होते. कमोडची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर असते. सात-आठ वर्षांच्या मुलाचे पाय टेकत नाहीत, म्हणून खाली पाट ठेवा. पाय लोंबकळले की सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं अंग ताठ होतं आणि बसवतच नाही. आधाराचे दांडे टाइलवर प्लास्टिकच्या गुट्टीत बसवलेले असतील तर हाताने जोर लावून बघा, अनेकदा निघून हातात येतात. अँकर फास्टनर भिंतीत खोल गेला पाहिजे, कारण त्या दांड्यावर माणूस आपलं सगळं वजन टाकतो.


चित्रकार्ड

पालकांच्या अटीबद्दल. बाकी ३४ मुलांच्या पालकांना जी अट नाही ती या सहांना घालणं म्हणजे भेदभावच, आणि शिबिराच्या दृष्टीनेही तोट्याचं. आई शेजारी असली की मूल आईकडे बघतं, मुलांकडे बघत नाही. ज्यांना थांबायचंय त्यांनी पहिला दिवस थांबावं, पुढे फोनवर असावं.

त्याऐवजी नोंदणीपत्रात हा प्रश्न घाला, आणि सगळ्या ४० जणांसाठी घाला : 'शिबिरात नीट रमता यावं म्हणून तुमच्या मुलाला कशाची मदत लागेल?' बऱ्याच पालकांना 'दिव्यांग आहे का?' या रकान्यात हो लिहायचं नसतं. मूल अंथरुणात शू करतं, कुत्र्याला घाबरतं, वाचता येत नाही, हे सगळं या एका प्रश्नात निघतं. प्रमाणपत्राची झेरॉक्स मागू नका, तुम्हाला ती कशालाच लागणार नाही.

ज्यांनी मदत मागितली त्यांच्याशी पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोला. बोलणं मुलाच्या निदानावर नेऊ नका, ते तुमच्या कामाचं नाही. विचारायचं ते असं : पाणी हवं असेल तर कसं सांगतो? शू लागल्यावर काय करतो, एकटा जातो का? कशाने बिथरतो, बिथरण्याआधी काय दिसतं (कान झाकतो, गोल फिरायला लागतो, बोटं चावतो)? शांत कशाने होतो? फिट येते का, औषध कुठलं? काय खायचं नाही? घ्यायला कोण येणार? एवढं एका कागदावर, एका पानात, त्या मुलाच्या सोबत्याजवळ. कागद सगळ्या स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका.

आठ स्वयंसेवकांची वाटणी मी अशी करेन. तिघं सोबती म्हणून : एक न बोलणाऱ्या मुलासाठी पूर्ण वेळ, एक व्हीलचेअरवरच्या मुलासाठी (स्वच्छतागृहात उचलायचं असेल तेव्हा दुसरा मदतीला), एक बाकीच्या चौघांवर नजर ठेवणारा. एक जण दाराशी. चौघं खेळ घेणारे. कमी पडत असतील तर जवळच्या विशेष शिक्षणाच्या किंवा फिजिओथेरपीच्या महाविद्यालयात विचारा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या नागरी साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ असतात, ते स्वयंसेवकांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेऊ शकतात.

सोबत्याला एकच गोष्ट शिकवायची ती म्हणजे मागे सरकणं. सगळ्यात मोठी चूक होते ती चिकटून राहण्याची. मुलाच्या हातून रंग भरतो, मुलाच्या वतीने उत्तर देतो, मुलाच्या आणि गटाच्या मधे बसतो. मग बाकीची मुलं मुलाशी न बोलता सोबत्याशी बोलतात. 'ताई, याला पाणी हवंय का?' असं कुणी विचारलं तर सोबत्याने म्हणायचं, 'त्यालाच विचार,' आणि दहा सेकंद थांबायचं. न बोलणाऱ्या मुलाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. दहा सेकंद मोजून बघा, खूप लांब वाटतात.

स्वमग्न मुलांसाठी चित्रपट्टी. दिवसाचे सहा-सात टप्पे, प्रत्येकाचा तळहाताएवढा फोटो : प्रार्थना, धावणं, खेळ, खाऊ, चित्र, गोष्ट, घर. फोटो त्याच उद्यानात, त्याच जागेवर काढलेले हवेत, नेटवरची कार्टून नकोत. फोटो वेल्क्रोने लावायचे आणि टप्पा संपला की मुलाने स्वतः काढून डब्यात टाकायचा. बदल व्हायच्या दोन मिनिटं आधी वाळूचं घड्याळ उलटं करायचं. कार्यक्रमात बदल झाला, समजा पाहुणे लवकर आले, तर आधी चित्रपट्टी बदला, मग मुलांना हलवा. उलट क्रमाने केलं की रडारड ठरलेली.

शांत कोपरा आधीच ठरवा. तीन मीटर बाय तीन मीटर, सावलीत, चटई, एका बाजूला हिरव्या जाळीचा आडोसा. पंपघर आणि स्पीकर यांपासून लांब. तिथे जाणं ही शिक्षा नाही हे स्वयंसेवकांना स्पष्ट सांगा. मूल स्वतः जातं, स्वतः परत येतं, आणि इतर कुठल्याही मुलाला तिथे जायची मुभा असते.

आणि एक संवादफलक. तीन फूट बाय दोन फूट सनबोर्डवर बारा-पंधरा चित्रं, खाली मोठ्या अक्षरांत मराठी शब्द : पाणी, शू, अजून, नको, थांब, दुखतंय, ऊन लागतंय, आवाज नको, माझी पाळी, तू ये, घरी. छपाई मॅट घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडलं की काहीच दिसत नाही, अल्पदृष्टी असलेल्या मुलाला तर नाहीच. फलक जमिनीपासून ७० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात लावा, म्हणजे बसून आणि उभं राहून दोन्हीकडून बोट पोचतं. खेळ घेणाऱ्यांनीही बोलताना त्यावर बोट ठेवायचं. मोठी माणसं वापरत नाहीत तो फलक मुलंही वापरत नाहीत.


आंब्याचा_पार

फार उपयोगी. बैठकीत हे जसंच्या तसं वाचून दाखवेन. दोन गोष्टी अजून : खेळ कसे बदलायचे? लगोरी, खो-खो, संगीत खुर्ची हे ठरलेले आहेत. आणि उन्हाची भीती वाटते, कारण साडेनऊनंतर चांगलंच तापतं. एका मुलाला फिट्सचं औषध चालू आहे असंही कळलंय.


चाक_आणि_चेंडू

खेळ बदलताना नियम सगळ्यांसाठी बदला, एकट्यासाठी बदललात की खेळात त्याला कुणी हिशेबात धरत नाही. लगोरी बघा. सात ठिकऱ्या जमिनीवर असतात, खुर्चीवरून हात पोचत नाही. त्या ७० सेंटिमीटर उंचीच्या स्टुलावर रचा. स्टूल असं घ्या की खुर्ची तिरकी लावून शेजारी येता येईल. ठिकऱ्या लाकडाच्या चकत्या असाव्यात, तीन-चार सेंटिमीटर जाड, कारण पातळ फरशीचा तुकडा वळलेल्या बोटांना उचलता येत नाही. चेंडू स्पंजचा. फोडायची रेघ एकऐवजी तीन आखा आणि ज्याने त्याने आपली रेघ निवडायची. लांबच्या रेघेवरून फोडली तर एक गुण जास्त. मग जवळची रेघ कुणाला कमीपणाची वाटत नाही. अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी स्टुलावर काळं कापड आणि ठिकऱ्या पिवळ्या. चेंडू प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून गाठ मारली की खुळखुळतो आणि कुठे गेला ते कळतं. घुंगरू आत शिवलेला चेंडू मिळाला तर त्याहून बरं.

खो-खो मातीवर खुर्चीने खेळवू नका, चाकं रुततात आणि मुलगा दमून जातो. त्याऐवजी जोडीने आट्यापाट्या घ्या, पाट्या पेव्हरच्या चौकात खडूने आखून. पाटीवर अडवणारा खुर्चीवर असू शकतो, त्याला रेघेवरून सरळ मागे-पुढेच तर जायचंय. पाट्यांची रुंदी दीड मीटर ठेवा. खुर्चीला पट्टा आणि पायांना पट्टा हवाच, अँटी-टिपर चाकं (खुर्ची मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं) असतील तर ती खाली केलेली. रुग्णालयात वापरतात तसली जड घडीची खुर्ची असेल तर वेगाचे खेळ नकोत, ती वळताना कलंडते.

संगीत खुर्चीत आवाज थांबणं हा इशारा असतो, तिथे इम्प्लांट असलेली मुलगी मागे पडते. संगीताबरोबर लाल झेंडा खाली आणा. शिट्टीच्या जोडीला झेंडा हा नियम सगळ्याच खेळांना लावा. तिच्याशी बोलताना सूर्य तुमच्या चेहऱ्यावर हवा, पाठीवर नको, नाहीतर तिला ओठ दिसत नाहीत. पाण्याचे खेळ आणि पडापडीच्या खेळांआधी बाहेरचं यंत्र काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवा. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर कोरड्या हवेत स्थिर वीज तयार होते, जुन्या यंत्रांमधला प्रोग्राम तिने बिघडू शकतो, तेव्हा घसरगुंडीआधीही काढा. यंत्र काढल्यावर तिला काहीच ऐकू येत नाही हे त्या वेळच्या स्वयंसेवकाला माहीत असलंच पाहिजे.

उन्हाचं : अंगमेहनतीचं सगळं साडेआठच्या आत, नंतर सावलीतलं. फिट्सच्या मुलाला टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू आहे का हे पालकांना विचारा. या औषधांनी घाम कमी येतो आणि अंग तापत जातं. घाम दिसत नाही म्हणून मूल ठीक आहे असं धरू नका. दर वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी, मागितलं नाही तरी. ओला पंचा मानेवर. पत्र्याच्या घसरगुंडीला आणि व्हीलचेअरच्या लोखंडी भागांना आधी तुमचा तळहात पाच सेकंद लावून बघा. ज्या मुलांना कमरेखाली संवेदना कमी असते त्यांना चटका बसलेला कळतही नाही. काळा किंवा गडद रबरी पृष्ठभागही असाच तापतो.

फिट आलीच तर घड्याळ बघा. डोक्याखाली काहीतरी मऊ, कुशीवर वळवा, भोवतीची गर्दी हटवा. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटं उलटली, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो कधी आणि किती, हे पालकांकडून लेखी घ्या. फिट्स असलेल्या मुलाला झोक्यावर किंवा चढायच्या जाळीवर सोडताना शेजारी हाताच्या अंतरावर माणूस हवा.


टिपणी_क्रमांक

कागदपत्रांचं थोडं. उद्यान विभागाला पत्र देताना विनंतीच्या भाषेत लिहिलंत तरी त्यात कलमं असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाबद्दल आहे आणि ते स्थानिक प्राधिकरणालाही बांधतं. त्याच कायद्याच्या व्याख्येत 'सार्वजनिक इमारत' यात मनोरंजनासाठीच्या इमारती येतात. कलम ४५ प्रमाणे अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ लाच उलटली. त्या स्वच्छतागृहाच्या खोलीसाठी एवढा आधार पुरे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत, असं सांगितलंय. तोही उल्लेख करा.

पत्र तीन ठिकाणी द्या : उद्यान अधीक्षक, तुमचं क्षेत्रीय कार्यालय आणि समाज विकास किंवा समाज कल्याण विभाग. आवक क्रमांक घ्या. मागण्या मोजक्या आणि मोजता येण्याजोग्या ठेवा. 'उद्यान दिव्यांगस्नेही करावे' असं लिहिलं तर फाईल फिरत राहते. 'मोठे दार रोज ७.१५ ला उघडावे, दिव्यांग स्वच्छतागृहातील साहित्य अमुक तारखेपर्यंत हलवावे, क्रमांक १ ते ३ च्या जाळ्या बदलाव्यात' असं लिहा आणि सोबत फोटो जोडा. स्थानिक स्वराज्य संस्थांना ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, कायमस्वरूपी दुरुस्तीसाठी त्यातून तरतूद मागता येते. पण ती पुढच्या अंदाजपत्रकाची गोष्ट, या शिबिरासाठी त्यावर विसंबू नका.

काहीच हललं नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्त कार्यालयात कलम ८० खाली तक्रार. आयुक्तांनी शिफारस केल्यावर कलम ८१ प्रमाणे संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं.

एक मत मांडतो. नागपुरात पारडीला ९०,००० चौरस फुटांच्या अनुभूती समावेशक उद्यानाचा प्रकल्प हाती घेतला गेला, चांगलंच झालं. पण मूल रोज संध्याकाळी खेळायला घराजवळच्या बागेत जातं. शहरात एक मोठं उद्यान दाखवून प्रभागातल्या बागांचं काम पुढे ढकललं जाऊ नये, म्हणून तुमच्यासारख्या पत्रांची गरज आहे.


एडिसनहून

अमेरिकेतल्या शहरांच्या उद्यान विभागात हे काम कसं चालतं त्यातलं उचलण्यासारखं तेवढं सांगते. इथे दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या १९९० च्या एडीए कायद्याचा दुसरा भाग शहरांच्या कार्यक्रमांना लागू आहे. बहुतेक शहरांच्या नोंदणीपत्रात मदतीची मागणी करायचा रकाना असतो आणि दोन-तीन आठवडे आधी कळवा अशी विनंती असते, म्हणजे सोबती शोधायला वेळ मिळतो. सोबत्याचा खर्च त्या कुटुंबाकडून घेता येत नाही, तो सगळ्या कार्यक्रमाच्या खर्चात धरतात. आणि दिव्यांग मुलांसाठी वेगळा वर्ग असला तरी त्यातच जा असं सांगता येत नाही. निवड कुटुंबाची. या तीन गोष्टी तुमच्या नियमावलीत दोन ओळींत बसतील.

वाळूतल्या खेळण्यांबद्दल इथला अनुभव सगळीकडे सारखाच आहे. सैल वाळूत खुर्ची जातच नाही. वाळू मुलाकडे आणा. कमरेएवढ्या उंचीच्या टेबलावर कडा असलेला ट्रे, त्यात दहा सेंटिमीटर वाळू, खाली गुडघ्यांसाठी ७० सेंटिमीटर मोकळं.


आंब्याचा_पार

धन्यवाद ताई, सुताराला ट्रेचं सांगितलं. शेवटचं एक : न बोलणाऱ्या मुलाच्या आईशी आज बोलणं झालं. तो संधी मिळाली की पळतो, आणि पाण्याकडे पळतो. मोठं दार तर आता उघडं राहणार.


चित्रकार्ड

दाराशी माणूस असणारच आहे, त्याचं दुसरं कुठलंही काम नको, अगदी हजेरीसुद्धा नको. दार लोटलेलं ठेवा, वर मुलाचा हात पोचणार नाही तिथे कडी, खुर्ची आली की उघडायचं. त्या मुलाला रोज वेगळा गडद टी-शर्ट नको, भडक केशरी किंवा पोपटी घालून पाठवायला आईला सांगा आणि सकाळी आल्या आल्या मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. दिसेनासा झाला तर नाव घेऊन ओरडत फिरू नका, तो ओ देणार नाही. सोबत्याने थेट हौदाकडे पळायचं, दुसऱ्याने दाराकडे, बाकीच्यांनी मुलांना घेऊन जागेवर बसायचं. दोन मिनिटांत सापडला नाही तर ११२ आणि आईला फोन, एकाच वेळी. पहिल्या दिवशी मुलं यायच्या आधी याची एकदा तालीम घ्या.

रोज सुरुवातीला पाण्याचा खेळ ठेवता आला तर बघा. पाणी चित्रपट्टीवर दिसलं की ते मिळणार आहे हे त्याला कळतं, मग शोधायला पळावं लागत नाही.


उतार_मोजणारा

हौदाचं माझ्याकडून : कारंजं दहा दिवस बंद ठेवून हौद उपसायला उद्यान विभागाला आजच पत्र द्या. उपसला तरी भोवती कुंपण लावाच, कोरड्या हौदात पडलं तर डोकं फुटतं. सव्वा मीटर उंचीची बारीक जाळी, खांब दर दोन मीटरवर. जाळीला आडवे दांडे आतल्या बाजूने बांधा, बाहेरून बांधले तर मुलं त्यांवर पाय देऊन चढतात.